यंदा नरक नाही

नरक आहे, आणि तो अनंतकाळ टिकणारा आहे. हे मी अधिकारवाणीनं सांगतो, कारण आमच्या गावचा नरक मी स्वतः रंगवला होता. मांजरपाटावर. तांबडा रंग अर्ध्यात संपला, म्हणून डावीकडच्या ज्वाळा हिरव्या निघाल्या. मत्सरी माणसं त्या बाजूला जळतात, असा अर्थ गावानं आपणहून लावला. अनंतकाळाचं म्हणाल, तर त्या वर्षी खालची कड उंदरांनी खाल्ली होती. चर्चच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून मी नरकाला ठिगळ लावत होतो, तेव्हा पास्कू आला.

तो समोर बसला आणि पडद्याची दुसरी कड ताणून धरली. बराच वेळ आम्ही दोघांनी मिळून नरक शिवला.

"यहूदा कोण करतंय यंदा?" त्यानं विचारलं.

"ठरलं नाही अजून."

"मी करतो."

"पास्कू, यंदा राहू दे की रे."

"मी करतो," तो म्हणाला. "फक्त शेवट नको. हे नको." आणि हातातल्या हिरव्या ज्वाळेकडे त्यानं मान हलवली.

आता थोडं मागचं सांगायला हवं. वसईच्या आमच्या पट्ट्यात उपवासकाळ लागला की गावात प्रभूच्या दुःखसहनाचं नाटक बसायचं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, संध्याकाळी ते चर्चच्या पटांगणात व्हायचं. बसवायचं काम माझ्याकडे. मी वर्तमानपत्रात विनोदी लिहायचो, आणि ज्याला हसवता येतं त्याला रडवणं काय अवघड, असं गावाचं मत होतं. सगळे मला गुस्तूमास्तर म्हणायचे. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. आमची बोली वेगळी. इथं मी ती सरळ मराठीत लिहितो आहे, कारण मूळ बोलीत आम्ही सगळे आहोत त्याहून जास्त भांडखोर वाटतो.

नाटकातला येशू दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा. लग्न झालं की येशूचं काम सोडायचं, असा आमच्याकडे रिवाज होता. का, ते विवाहितांना विचारावं. येशूला दगा देणारा यहूदा मात्र पास्कू तुस्कानच. पानवेलीचा मळा करणारा, लांब हातापायांचा, चेहऱ्यानं गरीब. शेवटच्या भोजनात सगळे शिष्य डोळे मिटून बसले की तो हळूच पेत्राच्या ताटातला बोंबील उचलायचा. ते मी लिहिलेलं नव्हतं. पण लोक त्या बोंबलाची वाट बघायचे. रस्त्यानं जाताना मुलं त्याला "जुदासकाका" म्हणून हाक मारायची आणि तो त्यांना चंचीतून बडीशेप द्यायचा.

नाताळ झाला आणि त्याचा एकुलता मुलगा लुविस गेला. आपणहून गेला. गावाच्या बावखलाच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्याच्या काठावर त्याच्या चपला जोडीनं नीट काढून ठेवलेल्या सापडल्या, एवढंच मी सांगेन. गावानं कारणं बरीच शोधली. नोकरी, मुलगी, डोकं. एकही कारण त्या चपलांइतकं नीट नव्हतं. फादर ज्योकिमनी चर्चमध्ये त्याची मिस्सा केली, त्याला दफनभूमीत आजोबांच्या शेजारी पुरलं, आणि त्या दिवसापासून पास्कू चर्चला एकटा यायला लागला. त्याची बायको नातालिन आजारी असावी, असं आम्ही धरून चाललो. धरून चालायला आम्हाला फार आवडतं.

आणि आता शेवटाबद्दल. यहूदाच्या मरणाच्या शास्त्रात दोन हकिकती आहेत. मत्तय म्हणतो, त्यानं फास लावून घेतला. प्रेषितांच्या कृत्यांत म्हटलंय, तो पडून मेला. थोर पंडितांनी यावर डोकी शिणवली आहेत. आमच्या गावात मोतेसआबा फुर्ताद यांनी तो प्रश्न चहा निवायच्या आत सोडवला होता: आधी फास, मग दोर तुटून पडणं. दोन्ही लेखकांचा मान राहिला. हे सगळं पडद्याआड, नुसत्या आवाजानं व्हायचं.

त्यानंतर यायचा 'नरकप्रवेश', जो कुठल्याच लेखकानं लिहिलेला नाही. पडदा सरकायचा, मागच्या पेट्रोमॅक्सनं ज्वाळा उजळायच्या, तोंडं काळी केलेले सैतान शेपट्या सांभाळत यायचे आणि यहूदाला पाय धरून ओढत न्यायचे. त्याच क्षणी मागून फटाक्यांची मोठी माळ उडायची. आसपासच्या गावांतून माणसं यायची ती या माळेसाठी. प्रभूचं मरण त्यानंतर असे, पण तोवर मागचे लोक घरी निघालेले असत.

माळ लावायचा दुमिंग. त्याला मागून मंच दिसत नसे, म्हणून एक खूण पडून गेली होती. यहूदाचं शेवटचं वाक्य झालं की सगळं पटांगण श्वास धरून गप्प व्हायचं. ती शांतता हीच खूण. दुमिंग अभिमानानं सांगायचा, "मास्तर, मला दिसत नाही, पण शांतता बरोबर ऐकू येते."

तर पास्कूला हा नरकप्रवेश नको होता. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात काय होतं? मी म्हटलं, "आबांशी बोलावं लागेल."

"फादरशी बोलू," पास्कू म्हणाला. "आबांशी बोलून झालंय."

*

फादर ज्योकिम रोमला शिकून आले होते. त्याचा त्यांनी कधी टेंभा मिरवला नाही. फक्त शेवग्याची शेंग काट्याचमच्यानं खायचा प्रयत्न करायचे. त्यांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात त्या संध्याकाळी आम्ही चौघं बसलो. फादर, मी, पास्कू, आणि मांडीवर बायबल घेऊन मोतेसआबा. आबा नाटक समितीचे अध्यक्ष. बायबल त्यांना पाठ होतं, त्यातही शिक्षेचा भाग जास्त पक्का.

"फादर, नाटकात फेरफार करायला माझी ना नाही," आबांनी सुरुवात केली. "पेत्राचा कोंबडा काढा, पिलाताची बायको काढा. पण शास्त्र कसं काढणार? प्रभूनं स्वतः म्हटलंय, हा माणूस जन्मला नसता तर त्याचंच भलं होतं. आता यापुढं काय उरलं?"

"तो नरकात गेला, असं म्हटलंय का?" पास्कूनं विचारलं.

"मग कुठं गेला असेल? विरारला?"

मला हसू आलं. पास्कूलाही आलं असतं, एरवी.

फादर म्हणाले, "आबा, वचन बरोबर आहे तुमचं. पण वचन सुटं घ्यायचं नसतं. पानवेलीचं एकच पान तोडून वेलीची परीक्षा करतात का, पास्कू?"

"नाही फादर. मूळ बघतात."

"तसं. शास्त्र चर्चच्या मांडीवर वाढलंय. कुठल्या वाक्याचं वजन किती, एकाची दुसऱ्याशी सांगड कशी, हे ज्या घरात ते वाढलं त्या घराला विचारायचं. खोलीत एकट्यानं दिवा लावून वाचायचं आणि सकाळी उठून निकाल द्यायचा, ही आपली रीत नाही."

"म्हणजे मी प्रोटेस्टंट झालो?" आबांचा आवाज चढला.

"छे, छे. त्यांच्यात फटाके नसतात."

आबांनी बायबल मिटलं, पण बोट आत ठेवून. "मग ते घर काय म्हणतं तेवढं सांगा. आम्ही ऐकायला बसलोय."

फादरनी चष्मा काढला. ते महत्त्वाचं बोलणार असले की चष्मा काढायचे. समोरच्याचा चेहरा दिसला नाही की त्यांना धीर यायचा. "चर्चनं आजवर किती संत जाहीर केले? नावानिशी, गावानिशी. अमका स्वर्गात आहे, असं ती छातीठोक सांगते. तो अधिकार तिला आहे आणि तो तिनं वापरलाय. नरक आहे, असंही ती सांगते. पण अमका माणूस नरकात आहे, असं तिनं आजपर्यंत एकाही माणसाबद्दल म्हटलेलं नाही. यहूदाबद्दलसुद्धा नाही."

पास्कू पुढं सरकून बसला होता, दुकानात तराजूचा काटा बघतात तसा.

"मग तो वाचला, असं तरी म्हटलंय का?" आबा सहजासहजी हटणारे नव्हते.

"तेही नाही."

"मग?"

"मग जिथं चर्च गप्प आहे तिथं आपणही गप्प बसावं. आपण तिथं फटाके लावतोय."

आबा आपल्या बोटाकडे बघत होते. बोललेच तेव्हा हळू बोलले, आणि फादरशी नाही, माझ्याशी. "गुस्तू, तुला वाटतं म्हातारा कठोर आहे. माझ्या घरात तीन नातवंडं आहेत मोठी होणारी. हे पोर असं गेल्यापासून मी रात्री उठून त्यांच्या अंथरुणाकडे बघून येतो. भीती हे कुंपण असतं रे. कुंपण काढलं तर गुरं कुठं जातील?"

त्यावर पास्कू म्हणाला, "आबा, माझं वासरू कुंपण तोडून गेलं. कुंपण उंच होतं तरी गेलं."

आबांनी बोट बाहेर काढलं. "फादर सांगतायत तर मी मानतो. पटत नाही. पण मानतो." हे मी त्यांच्या नावावर जमा करून ठेवलंय, कारण पटलेलं मानणारे पुष्कळ भेटतात.

अडचण फक्त शेपट्यांची उरली. सैतानांच्या आयांनी शेपट्या शिवून ठेवल्या होत्या, आणि वसईतल्या आईला शिवलेली शेपूट परत उसवायला सांगण्याचा अधिकार रोमलासुद्धा नाही. तेव्हा असं ठरलं की सैतान पिलाताच्या न्यायनिवाड्याच्या प्रसंगात येतील आणि गर्दीच्या कानात 'क्रूसावर खिळा' असं कुजबुजतील. माळ प्रभूच्या मरणाच्या वेळी वाजेल; तेव्हा धरणीकंप झाला असं शास्त्रात आहेच. आणि यहूदा आपलं शेवटचं वाक्य बोलून अंधारात चालत जाईल. कुठं गेला, कुणाला माहीत नाही.

उठताना पास्कूनं विचारलं, "फादर, हे आत्ता बोललात ते तुम्ही सगळ्यांसमोर सांगाल?"

"सांगेन ना. योग्य वेळ आली की."

योग्य वेळ ही आमच्या पॅरिशची फार जुनी रहिवासी. तिच्याबद्दल सगळे बोलायचे, पण तिला पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही.

*

झावळ्यांच्या रविवारी ऊन कलतं झालं आणि पटांगण भरलं. पुढं खुर्च्यांवर फादर आणि मोतेसआबा शेजारीशेजारी. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला चटयांवर बायका. मी विंगेतून डोकावलो तर अगदी शेवटच्या चटईच्या कडेला नातालिन. डोक्यावरून पदर, हातात काही नाही. लुविसच्या दफनानंतर मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. आजारी दिसत नव्हती. कुणीतरी बोलावलं म्हणून आलेल्या, पण बसायला संकोचलेल्या माणसासारखी दिसत होती.

दाढी लावताना मी पास्कूला म्हटलं, "बायको आलीय तुझी."

"माहीत आहे," तो म्हणाला. "डिंक जास्त लावतोयस."

नाटक रंगलं. बोंबील उचलला गेला. लोक हसले, पण जरा उशिरा, आधी एकमेकांकडे बघून. बागेतलं चुंबन झालं. मग यहूदाचा शेवटचा प्रवेश. त्याला निष्पाप माणसाच्या रक्ताबद्दलचं वाक्य बोलायचं होतं, आणि डाव्या बाजूनं निघून जायचं होतं. वाक्य तो बोलला. नेहमीपेक्षा साधं बोलला. आणि डावीकडे जायच्या ऐवजी मंचाच्या अगदी पुढच्या कडेला आला.

"फादर," तो म्हणाला.

मी विंगेत नाटकाची प्रत घेऊन उभा होतो. प्रतीत फादर नव्हते.

"फादर, यहूदाचं पुढं काय झालं? मोतेसआबा सांगतात ते गावाला पाठ आहे. चर्च काय म्हणतं, ते तुम्ही सांगा. इथं सांगा."

फादर ज्योकिम खुर्चीतून उठले. माझ्या मनात आलं, योग्य वेळ अशी दिसते तर. झब्बा नाही, शेपूट नाही, कुठलीही वेशभूषा नाही. त्यांनी चष्मा काढला.

आणि सगळं पटांगण गप्प झालं. असं गप्प मी तोवर ऐकलं नव्हतं. तान्ही मुलंसुद्धा थांबली. मोतेसआबांनी मान वर केली होती. शेवटच्या चटईवर नातालिन उठून उभी राहिली. एवढ्या माणसांची, एवढी भरीव, एवढी स्वच्छ शांतता.

ती दुमिंगला बरोबर ऐकू आली.

त्याला बदललेली खूण सांगितली होती. समजावून सांगितली होती. पण माणूस सांगितलेलं डोक्यात ठेवतो आणि सवय हातात. माळ उडाली. माळ उडाली की पडदा ओढायचा, हे पडदेवाल्याच्या हातात होतं. त्यानं ओढला, आणि पिलाताच्या वाड्यामागं सवयीनं टांगलेला माझा नरक, ठिगळासकट, झळाळून उठला. पडदा सरकला की धावायचं, हे सैतानांच्या पायात होतं. ते धावले. कुणालाच काही वाईट करायचं नव्हतं. सगळे आपापलं काम चोख करत होते.

फटाक्यांच्या धुरातून मला एवढंच दिसलं: फादर उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते बोलत होते. हात पुढं करून, मान हलवून, एकेक शब्द सावकाश. चर्च शेवटी बोललं, आणि माळ लांबलचक होती. पास्कूचे पाय दोन सैतानांनी धरले होते. तो ओढला जात होता, पण मान वर उचलून फादरच्या तोंडाकडे बघत होता.

मग टाळ्या पडल्या. आमच्या नाटकाला तशा टाळ्या आधी कधी पडल्या नव्हत्या. यंदा फादरलाही नाटकात घेतलं, काय कल्पना आहे मास्तरची, असं लोक एकमेकांना सांगत होते. फादर थोडा वेळ उभे राहिले आणि बसले. मोतेसआबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे मी पाहिलं. बायकांच्या बाजूला शेवटची चटई रिकामी होती.

मागे पास्कू सैतानांच्या मध्ये मातीत बसला होता. एक सैतान विचारत होता, "काका, लागलं का? आम्हाला वाटलं, बदललं परत." पास्कूनं त्याच्या डोक्यावर थोपटलं. मी खाली बसून त्याची दाढी सोडवली. डिंक खरंच जास्त झाला होता. कातडी ओढली जात होती, पण तो हूं की चूं करत नव्हता.

तेवढ्यात धुरातून दुमिंग आला, काळाठिक्कर, खूश.

"मास्तर," तो म्हणाला, "शांतता काय झकास आली होती यंदा!"

*

ईस्टरला फादरनी दयेवर प्रवचन दिलं. देवाची दया समुद्रासारखी आहे, वगैरे. सगळ्यांना आवडलं. मोघम दया सगळ्यांना आवडते. नाव घेऊन केलेल्या दयेला वेळ लागतो, आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली. पास्कूनं नंतर यहूदा केला नाही. दुसऱ्यानं केला, बोंबील विसरला. पुढं घरोघर टीव्ही आले, नाटक बंद पडलं. मोतेसआबा गेले. नरकाचा पडदा शाळेच्या अडगळीत होता. एका पावसाळ्यात छप्पर गळलं म्हणून तो सायकलींवर टाकला, आणि पुढं काय झालं ते कळलं नाही. फादर काय बोलले होते, हे मी कुणाला विचारलं नाही. त्या पटांगणात ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

नातालिन गेली त्याला बरीच वर्षं झाली. तिच्या दफनानंतर काही दिवसांनी मी पास्कूकडे गेलो. तोही म्हातारा झाला होता, मीही. दोघं ओट्यावर बसलो. त्यानं चंची काढली. सुपारी कातरता येईना, म्हणून मी कातरून दिली. बोलणं फिरत फिरत त्या संध्याकाळवर आलं.

"फादर काय म्हणाले ते फटाक्यांत गेलं बघ," मी म्हटलं. "तेवढं कळलं असतं तर."

"मला आलं की ऐकू. मी पुढंच होतो."

मी अडकित्ता खाली ठेवला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, पास्कू, चर्चनं त्याला कधीच नरकात पाठवलेलं नाही. आपणही पाठवायचं नाही. म्हणाले, तुझ्या लुविसचं नाव मी रोज मिस्सेत घेतो, आणि ज्याची आशा नाही त्याचं नाव कुणी घेत नसतं. लुविसचं नाव घेतलं त्यांनी. मोठ्यानं घेतलं. मग पोरांनी ओढलं मला."

"म्हणजे तुला हवं होतं ते मिळालं."

"मला कुठं हवं होतं?" पास्कू म्हणाला. "मला ठाऊक होतं पोर कुठं आहे ते. नातालिनला हवं होतं."

आणि मग त्यानं सांगितलं. लुविसनंतरच्या पहिल्या रविवारी नातालिन चर्चच्या दारात मोतेसआबांपाशी गेली होती. घरी येऊन पोरासाठी प्रार्थना घ्या, म्हणाली. बायबल जाणणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे गेली. आबांनी वाईट तोंडानं नाही, रडवेल्या तोंडानं सांगितलं, "बाय, आता प्रार्थनेनं काय होणार? शास्त्रात आहे ते मी कसं बदलू?" चार माणसं बाजूनं जात होती. ती तिथूनच परतली.

"जिथं माझ्या पोराला जागा नाही तिथं मी कशाला जाऊ, म्हणाली," पास्कू म्हणाला. "बोलून बोलून थकलो. शेवटी त्या रविवारी मी म्हटलं, चल तर खरी, यंदा नरक नाही. म्हणून आली."

"घरी गेल्यावर सांगितलंस ना, फादर काय म्हणाले ते?"

"सांगितलं. फादरपण आले होते दुसऱ्या दिवशी, इथंच बसले, तू बसलायस तिथं. सगळं परत सांगितलं. तिनं चहा दिला. म्हणाली, फादर, माझ्या ओट्यावर तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण त्यांनी मला चर्चच्या दारात सांगितलं होतं, चार माणसांदेखत."

मी अडकित्ता परत हातात घेतला.

"शेवटी शेवटी फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले, नवे फादर. ते तिनं घेतलं. मग रात्री मला विचारलं, लुविस भेटेल ना? मी म्हटलं, भेटेल. तर हसली. म्हणाली, तुम्ही जन्मभर यहूदाचं काम केलंत, तुमचं कोण ऐकणार?"

ओट्यासमोर पानवेलीचा मळा आता नव्हता. तिथं भाजीचे वाफे होते. माझ्या मनात बोलण्यासारखं फार साठलं होतं. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेल्या माणसाच्या मनात साठतं तसं, आणि त्यातलं एक वाक्य बरं जुळतही होतं. मी घसा खाकरला.

"गुस्तू," पास्कू म्हणाला, "यहूदाची ती दाढी आहे का रे तुझ्याकडे अजून?"

"असेल पेटीत. का?"

"असली तर दे पाठवून. पाखरं फार उतरतात वाफ्यात. बुजगावणं केलंय मी, पण तोंडानं फारच गरीब दिसतंय."